‘टेन्शन’च्या पुढचं इंग्रजी – माझा अनुभव

दहावीपर्यंत मी बार्शीला मराठी माध्यमात शिकले, मग पुण्यात इंजिनीअरिंग केलं. इंग्लंडमध्ये लीड्सला एमएससीसाठी आले तेव्हा इंग्रजीची भीती राहिली नव्हती. लेक्चर समजत होती, प्रेझेंटेशन देता येत होतं, घरमालकाशी डिपॉझिटवरून वादही घालता येत होता. गाडी अडली ती डिझर्टेशनच्या, म्हणजे पदवीसाठीच्या प्रबंधाच्या वेळी. फाईल उघडली की पोटात गोळा यायचा. मग उठून ओटा पुसायचा, कपडे मशीनला लावायचे, मेल चाळायचे आणि रात्री दिवस वाया गेला म्हणून जागत पडायचं. सुपरव्हायझरचं नाव इनबॉक्समध्ये दिसलं तरी छातीत धडधड व्हायची. हे सगळं मराठीत मी एका दमात सांगितलं असतं. इंग्रजीत मात्र माझ्याजवळ टेन्शन, स्ट्रेस आणि डिप्रेशन हे तीनच शब्द होते.

इंग्लंडमध्ये एनएचएसची, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेची, टॉकिंग थेरपीज नावाची मानसिक त्रासावर बोलून उपचार करणारी सेवा आहे. तिच्यासाठी जीपीची, म्हणजे फॅमिली डॉक्टरची, चिठ्ठी लागत नाही, स्वतःच ऑनलाइन फॉर्म भरता येतो. त्यासाठी वेगळे पैसेही पडत नाहीत. विद्यार्थी व्हिसाबरोबर एनएचएससाठी वर्षाला ७७६ पौंड हेल्थ सरचार्ज भरलेलाच असतो, तेव्हा संकोच कसला? पण फॉर्मवर ‘तुमची मुख्य अडचण थोडक्यात लिहा’ असा चौकोन होता आणि त्यात मला ‘आय हॅव टेन्शन’च्या पुढे काही सुचेना.

आमच्याच घरात वरच्या खोलीत नाशिकची एक ताई राहायची. इथल्या हॉस्पिटलात नर्स आहे. ती म्हणाली, “अगं, इंग्रजीत कशाला सुरुवात करतेस? आईला सांगशील तसं आधी मराठीत लिही. शब्द मग बघू.” त्या रात्री वहीच्या डाव्या पानावर मी मराठीत लिहीत गेले आणि उजवं पान कोरं ठेवलं. आजारांच्या नावांच्या याद्या पाठ करण्यापेक्षा हे शंभर पटीने उपयोगी पडलं, असं मी आजही ठामपणे सांगेन. समोरच्याला आजाराचं नाव तुमच्याकडून नको असतं. काय होतं, किती वेळा होतं आणि त्यामुळे काय अडतं, एवढं त्याला हवं असतं.

डाव्या पानावरची काही वाक्यं सहज उलटली. चिडचिड होते याला ‘इरिटेबल’, सतत जीव टांगणीला लागल्यासारखं वाटतं याला ‘ऑन एज’. ‘कशात मन लागत नाही’ या वाक्यापाशी मात्र आम्ही दोघी बराच वेळ अडलो. फॉर्मबरोबर पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची प्रश्नावली येते. तिच्यात आवडीच्या गोष्टींतला रस गेला आहे का, हा पहिला प्रश्न आहे. आणि वाचताना किंवा टीव्ही बघताना लक्ष टिकत नाही का, हा सातवा. मी दोन्हींना मराठीत तेच वाक्य म्हणत आले होते. ताईने विचारलं, “गाणी ऐकतेस का अजून?” ऐकत होते, आवडतही होती. म्हणजे रस शाबूत होता, लक्ष उडालं होतं. मग उजव्या पानावर लिहिलं, ‘आय स्टिल एन्जॉय थिंग्ज, बट आय कान्ट कॉन्सन्ट्रेट.’ स्वतःबद्दल इतकं नेमकं मी त्याआधी मराठीतही बोलले नव्हते.

त्या प्रश्नावलीत गेल्या दोन आठवड्यांचं विचारतात. अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज, असे चार पर्याय. त्यांना ० ते ३ गुण, एकूण २७. ‘कधी कधी’, ‘खूप’ हे शब्द तिथे चालत नाहीत. म्हणून आठवडाभर कॅलेंडरवर खुणा करून मगच मी ती भरली.

नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल असतो. आपण वैतागाने ‘जीव नकोसा झालाय’ म्हणून जातो. ते शब्दशः इंग्रजीत नेलं तर ऐकणाऱ्याला ते गंभीर वाटणार आणि वाटलंच पाहिजे. ताईने बजावलं, “इथे आडवळणाने बोलायचं नाही. विचार येत असतील तर येतात म्हण, नसतील तर नाहीत म्हण.” माझ्या मनात तसं नव्हतं. फॉर्मनंतर सेवेकडून फोन आला तेव्हा मी स्पष्ट सांगितलं की मी ‘फेड अप’, म्हणजे वैतागलेली आहे, पण जीव संपवायचे विचार नाहीत. ज्यांच्या मनात येतात त्यांच्यासाठी इंग्लंडमध्ये १११ वर मानसिक आरोग्याचा वेगळा पर्याय आहे आणि समॅरिटन्स या मदतसंस्थेचा ११६१२३ हा नंबर रात्रंदिवस चालू असतो.

चालढकलीबद्दल बोलणं सगळ्यात जड गेलं, कारण तिथे मी स्वतःला थेट ‘लेझी’ म्हणून मोकळी होत होते. पहिल्या कॉलवर थेरपिस्टने शांतपणे विचारलं, फाईल बंद करण्याच्या अगदी आधी मनात काय येतं? मी वही उघडली आणि वाचलं, ‘आय ड्रेड ओपनिंग इट. आय कीप पुटिंग इट ऑफ अँड एन्ड अप क्लीनिंग द किचन.’ ती म्हणाली, हे फार उपयोगी आहे, आणखी सांग. ड्रेड, कीप, एन्ड अप ही तीन क्रियापदं ताईनेच घोटून घेतली होती. नको नको वाटतं, पुन्हा पुन्हा होतं, आणि शेवट भलतीकडेच होतो, हा सगळा फेरा त्यांत बसतो. जूनपासून चाललंय हे सांगताना ‘आय हॅव बीन’ लागतं. आपल्या सवयीने ‘आय ॲम पुटिंग इट ऑफ सिन्स जून’ म्हटलं तरी अर्थ पोचतो, त्यासाठी अडून बसू नये.

थेरपिस्टने या फेऱ्याला ‘अव्हॉइडन्स’, म्हणजे टाळणं, म्हटलं. पुढे मी वाचलं की फुशिया सिरोइस आणि टिमोथी पिचिल या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ च्या लेखात हेच मांडलंय: चालढकल ही वेळेच्या नियोजनापेक्षा भावना सांभाळण्याची अडचण आहे. कामामुळे येणारी अस्वस्थता आत्तापुरती टाळली जाते आणि भुर्दंड उद्याच्या आपल्यावर पडतो. हे वाचून मला खरंच रडू आलं. त्यानंतर ‘लेझी’ हा शब्द मी वहीतून खोडला. कामही लहान झालं: आज फक्त फाईल उघडायची आणि आकृत्यांना नावं द्यायची, एवढंच.

मुदतवाढीसाठी विद्यापीठाचा ‘मिटिगेटिंग सर्कमस्टन्सेस’चा, म्हणजे अडचणींची दखल घ्या असा, अर्ज करायचा होता. तिथे भावना कमी आणि तारखा जास्त लागतात. कधीपासून झोप बिघडली, त्यामुळे कोणतं प्रकरण राहिलं, आता कोणाकडून मदत घेतेय, असं मी लिहिलं आणि थेरपीच्या सेवेचं पत्र जोडलं. मुदत वाढवून मिळाली, डिझर्टेशन सादर झालं.

आई-बाबा इथे आले आणि त्यांच्यावर अशी वेळ आली तर मी त्यांना वही करायला लावणार नाही. एनएचएसकडे दुभाषी मागता येतो आणि त्याचे पैसे पडत नाहीत; अपॉइंटमेंट घेतानाच तसं सांगायचं. भारतात असाल तर २०२२ साली सुरू झालेल्या टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर मराठीत बोलता येतं. ज्यांना इंग्रजीतच बोलावं लागणार आहे, त्यांनी वहीचं डावं पान आधी भरावं, आणि फोन आला की बघून वाचावं. मी प्रत्येक कॉलला बघूनच वाचलं, थेरपिस्टने ते एकदाही वावगं मानलं नाही.