बावीस वर्षांच्या घोडीचा मूतखडा: माझा अनुभव

आमची चांदणी बारा वर्षे पाचगणीच्या टेबललँडवर पर्यटकांना पाठीवर घेऊन फिरली. बाविसाव्या वर्षी तिच्याकडे फक्त सकाळ-संध्याकाळचा रिकामा फेरा उरला होता. मागच्या हिवाळ्यात त्या फेऱ्यावरून परतली की ती पुन्हा पुन्हा शेपूट उचलून, मागचे पाय फाकवून उभी राहू लागली. कुंथून थोडीशी धार सोडायची आणि शेवटी लालसर थेंब पडायचे. पोट दुखत असेल असे समजून मी घरातले फेनिलब्युटाझोन हे वेदनाशामक दोन दिवस चंदीतून दिले. ही माझी चूक होती, कारण थंडीत पाणी कमी पिणाऱ्या जनावराच्या मूत्रपिंडांना हे औषध इजा करू शकते.

"रक्त सकाळी दिसते की चालून आल्यावर?" हा डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. मग दोन दिवस मी काचेची बरणी घेऊन तिच्यामागे उभा राहिलो. जमिनीवर पडलेली लघवी हवा लागून आपोआपच तांबूस होऊ शकते, म्हणून नमुना थेट धारेतूनच धरायचा, असे त्यांनी बजावले होते. सकाळचा नमुना गढूळ पिवळा निघाला, पण निरोगी घोड्याची लघवीही कॅल्शियम कार्बोनेटच्या स्फटिकांमुळे गढूळच असते. फेऱ्यानंतरचा मात्र स्पष्ट लाल होता. चालताना हलणारा खडा मूत्राशयाचे अस्तर खरवडत असावा, असा त्यांना संशय आला.

मूत्राशय रिकामे झाल्यावर गुदद्वारातून हात घालताच तो टणक गोळा त्यांच्या बोटांना लागला आणि सोनोग्राफीत त्यामागची काळी सावली मलाही दिसली. रक्ततपासणीत मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे ते सांगणारे क्रिएटिनिन प्रमाणात आले, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. घोडीचा मूत्रमार्ग आखूड आणि रुंद असल्यामुळे पोट उघडावे लागले नाही; नरामध्ये हेच काम बरेच अवघड होते. उभ्या उभ्या गुंगीचे औषध आणि शेपटीच्या मुळाशी कण्यात भूल देऊन त्यांनी हातानेच खडा बाहेर काढला. लिंबाहून मोठा, तपकिरी पिवळा, आणि फणसाच्या सालीसारखा काटेरी. नंतर सलाइनने मूत्राशय धुतले आणि लघवीच्या कल्चरचा, म्हणजे जंतुतपासणीचा, अहवाल पाहून ट्रायमेथोप्रिम-सल्फा या प्रतिजैविकाचा कोर्स दिला.

खरे पथ्य पुढे सुरू झाले. घोड्याचे आतडे चाऱ्यातले कॅल्शियम गरजेपेक्षा जास्त शोषते आणि उरलेले लघवीवाटेच बाहेर पडते, म्हणून तिचा आवडता, पण कॅल्शियम भरपूर असलेला लसूणघास बंद करून वाळले गवत सुरू केले. चंदीत मीठ घालतो आणि हिवाळ्यात पाणी कोमट करून ठेवतो. परवाच्या सोनोग्राफीत मूत्राशयाच्या तळाशी थोडा गाळ दिसला आहे. पुढची तपासणी दोन महिन्यांनी आहे आणि तोवर तिचा फेरा संपला की बरणी घेऊन उभे राहणे चालूच आहे.