निझ्के तात्रीच्या पायथ्याशी, एका जेवणावर

स्लोव्हाकियातल्या स्विदनिक गावाजवळच्या ‘मृत्यूच्या दरी’त जुने रणगाडे शेतातच उभे आहेत आणि त्यांच्यावर चढून फोटो काढणाऱ्यांची जत्राही. मला भयंकर वैताग आला. १९४४ च्या सप्टेंबरात पाच दिवसांत जवळचं प्रेशोव शहर गाठायचा सोव्हिएत सेनेचा बेत होता. प्रेशोव हाती आलं १९४५ च्या जानेवारीत. दुक्ला खिंडीच्या या परिसरात हजारो माणसं मेली. असो. ब्रातिस्लाव्हाबद्दल काही लिहीत नाही, युरोपातले जुने चौक मला हल्ली सारखेच दिसतात.

लिहायचंय ते निझ्के तात्री डोंगरांच्या पायथ्याच्या एका घरगुती मुक्कामाबद्दल. घरमालक ऐंशीला टेकलेले आजोबा, आणि त्यांचं बोलणं इंग्रजीत सांगणारी त्यांची कॉलेजातली नात. पाहुण्याचं ताट रिकामं दिसता कामा नये, हा आजोबांचा खाक्या. ब्रिंझा हे मेंढीच्या दुधाचं चीज घातलेल्या हालुश्की, म्हणजे बटाट्याच्या पिठाच्या उकडलेल्या छोट्या गोळ्या, ते वाढतच राहिले.

आजोबांचे वडील सैनिक होते. १९४१ मध्ये स्लोव्हाकिया हिटलरच्या गोटात होता, म्हणून ते जर्मनांच्या बाजूने युक्रेनमध्ये गेले. ऑक्टोबर १९४३ च्या अखेरीस मेलितोपोलजवळ दोन हजारांहून जास्त स्लोव्हाक सैनिक रशियनांच्या हाती गेले, त्यांत तेही. पुढे अशाच सैनिकांना घेऊन सोव्हिएत संघात चेकोस्लोव्हाक पॅराशूट ब्रिगेड उभी राहिली. इकडे २९ ऑगस्ट १९४४ ला जर्मनांविरुद्ध उठाव झाला, तेव्हा ब्रिगेडला विमानाने त्री दुबीच्या धावपट्टीवर उतरवलं. २७ ऑक्टोबरला उठावाचं केंद्र असलेलं बान्स्का बिस्त्रित्सा पडलं आणि उरलेसुरले डोंगरात शिरले. चाबेनेत्स शिखरावरच्या हिमवादळात कितीतरी जण गारठून गेले. वडिलांच्या पायाची दोन बोटं तिथेच गेली.

युद्धानंतर दर २९ ऑगस्टला शाळेत त्यांना भाषणाला बोलवत. गोष्ट कायम पॅराशूटपासून सुरू व्हायची. कम्युनिस्ट राजवटीत जर्मनांच्या बाजूच्या त्या पहिल्या दोन वर्षांचा विषय काढण्यात शहाणपण नव्हतं. पण १९८९ ला ती राजवट गेल्यावर काढायला काय हरकत होती? ते मी विचारलं नाही. पाहुण्याने किती खोदावं, हे मला अजून ठरवता येत नाही.

आजोबांनीच विषय बदलला, “तुमची माणसं कुठे लढली?” म्हटलं, इटलीत. टायबर नदीच्या खोऱ्यात १९४४ च्या जुलैत मराठा रेजिमेंटचे यशवंत घाडगे पडले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आजोबा हसले. “आमचेही होते की इटलीत! जर्मनांसाठी खंदक खणत.” म्हणजे आमची पोरं ज्या तटबंदीवर चालून गेली, तिच्यात स्लोव्हाक घामही असणार.

तेवढ्यात नातीने आजोबांना काहीतरी विचारलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “मी विचारलं, त्या दोन वर्षांत पणजोबांनी तिथल्या गावांत काय केलं?” मी चमचा खाली ठेवला. आजोबांनी उत्तर दिलं, लांबलचक. तिने आणखी विचारलं, आवाज चढला, ते उठून उभे राहिले, परत बसले. बराच वेळ नुसती स्लोव्हाक चालली होती आणि त्यातलं एक अक्षर मला कुणी सांगितलं नाही. हालुश्की मात्र आणखी वाढल्या गेल्या, आणि गार झालेलं ते खारट चीज मी मुकाट्याने संपवलं.