खिडकीपाशी जीभ रेटेना

केसपेपरच्या खिडकीवरच्या त्या माणसावर माझा अजून राग आहे. त्याहून थोडा जास्त स्वतःवर.

लेक अकरावीत. दोन महिने झोप उडालेली, चर्चच्या तरुण संघाला जाणं बंद. एकदा जेवताना म्हणाली, "मी नसते तर तुमचा खर्च तरी वाचला असता." मी म्हटलं, असं अभद्र बोलू नये. विषय तिथेच संपवला. मग तिने रंगांची पेटी आणि ब्रश मामेबहिणीला देऊन टाकले आणि एकदम शांत, हसरी झाली. रविवारी उपासनेत मी उभं राहून साक्षसुद्धा दिली, प्रभूने लेकीला बरं केलं म्हणून! इतक्या घालमेलीनंतर अचानक आलेली शांती आणि आवडीच्या वस्तू वाटून टाकणं ही धोक्याची खूण असू शकते, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं.

शंका ह्यांना आली. रात्री त्यांनी तिला सरळच विचारलं, "जीव द्यायचं मनात येतं का?" मी हादरले. असं विचारून नसतं डोक्यात भरवतात का कुणी? पण विचारल्याने ते डोक्यात येत नाही. ती तासभर रडली आणि 'हो' म्हणाली. 14416 लावला. टेली मानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात. एकटं सोडू नका, घरातली औषधं कुलपात ठेवा, सकाळीच दवाखाना गाठा, असं त्यांनी सांगितलं.

सकाळी रांगेत पाऊण तास. मागे मंडळीतल्याच एक मावशी, त्यांच्याशी 'सलाम' झालेला.
"कशासाठी?" खिडकीतून.
"झोप येत नाही हिला."
"मानसोपचाराचे आजचे नंबर संपले. गुरुवारी या. इमर्जन्सी आहे का?"
"तशी नाही," मी म्हटलं.

मी! आदली रात्र तिच्या उशाशी बसून काढलेली मी! चिठ्ठी घेऊन मुकाट बाहेर आले. ह्यांनी विचारलं, "काय सांगितलंस?" मला रडूच फुटलं. परत रांग. माझा नंबर आला तेव्हा जेवणाच्या सुट्टीची पाटी लागली. अर्ध्या तासाने खिडकी उघडली तर म्हणे आधारकार्डाची झेरॉक्स कुठंय. तेव्हा मी ओरडलेच, "माझी मुलगी जीव द्यायचं म्हणतेय!" सगळी रांग गप्प. त्याने मान वर न करताच सांगितलं, "मग आधी नाही का सांगायचं? अपघात विभागात न्या." तशी पाटी कुठेही नव्हती. तिथल्या सिस्टरने दहा मिनिटांत आत घेतलं. तेव्हा तुम्ही रांगेत उभंच राहू नका, थेट अपघात विभागात जा. मागे कोण आहे ते न बघता पहिल्याच वाक्यात खरं सांगा.

मावशी कानात म्हणाल्या, पोलीस केस होईल हं. मनातल्या विचारांवर केस होत नाही. प्रयत्न करणारा माणूसही तीव्र तणावाखाली होता असंच धरायचं, शिक्षा करायची नाही, हे 2017च्या मानसिक आरोग्य कायद्यात आहे.

विश्वास कमी पडला, उपवास-प्रार्थना धरा, असंही ऐकवून झालं. पाळकसाहेबांचीच मला जास्त भीती होती. ते आले, बसले, बायबलमधलं 1 राजे 19 उघडलं. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागतो. देवदूत त्याला रागावत नाही. निखाऱ्यांवरची भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खाऊ घालतो. "उपदेश तिथे नाहीये, बाई," ते म्हणाले, आणि लेकीला विचारलं, "जेवलीस का?" तपासणीला न्यायला गाडीही तेच देतात. प्रार्थना आम्ही करतोच, गोळ्याही वेळेवर देतो.

हो, एक राहिलं. गोळ्या तिच्या हाती पाकिटानं देऊ नका, रोजच्या रोज मोजून द्या.

पुढची तारीख गुरुवार. केसपेपर पिशवीत ठेवलाय, आधारच्या दोन झेरॉक्ससकट.