जिप्सी आली: मीटर १,६८,०००, चासी ठणठणीत

जुनी फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देणारी गाडी) घ्यायची होती, थार की जिप्सी हा घोळ मिटला एकदाचा. २००९ ची जिप्सी, एमजी४१३डब्ल्यू, पेट्रोल, कॅनव्हासचं टप, कोल्हापूर पासिंग. सव्वातीन लाखांत सौदा ठरला. जुन्या थारच्या सीआरडीई डिझेल इंजिनाचा २४७ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, कुणाला नको असते? पण आमच्या वाडीतल्या दगडी गडग्यांमधून ती नेताना आरसे मिटावे लागतात, आणि पावसात लाल माती लोण्यासारखी झाली की वजनदार गाडी बसते ती बसतेच. जिप्सी जेमतेम टनभर. १३०० सीसीचं इंजिन, ८० बीएचपी. रुतली तरी चार गडी लावून निघते.

एक लाख अडुसष्ट हजार किलोमीटर ऐकून रत्नागिरीतल्या मित्रांनी कपाळाला हात लावला. त्यांच्यासाठीच हे सविस्तर लिहितोय.

त्याआधी किनाऱ्यावरची एक बघितली होती. मीटर साठ हजारांच्या आत, नवा रंग, नवे सीट कव्हर, खालून चकचकीत काळा डांबरी कोट. वॉटर स्पोर्ट्सवाल्याची गाडी, म्हणजे रोज सकाळी बोट पाण्यात ढकलायची आणि संध्याकाळी ओढून काढायची. किलोमीटर वाढणार कुठून? मागच्या पाट्याचा (स्प्रिंगचा) शॅकल जिथे चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, धरतो, तिथे स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत गेलो. पुढे टण टण वाजत होतं, मागच्या चाकाच्या वर आल्यावर आवाज बसला. टोक जरा दाबलं तर डांबराच्या थरातून आत गेलं आणि बाहेर आली ती गंजाची पापुद्र्यांसारखी साल. मालक म्हणाले, "वेल्डिंग मारून देतो." मी चहा घेतला आणि निघालो. चासीच्या त्या भागावर पाट्याचा सगळा मार येतो, तिथे ठिगळ लावून खडकाळ वाटेवर जायची माझी तयारी नाही.

त्यामुळे माझं मत पक्कं झालंय, पटत नसेल तर भांडा: कोकणात राहणाऱ्याने जुनी फोर बाय फोर घाटावरून आणावी, आणि मीटर शेवटी बघावं. इंजिन उतरवून बांधता येतं. जिप्सीचे पार्ट अजून मिळतात, मिस्त्रीही मिळतात. गेअरबॉक्स, क्लच, क्रॉस, बेअरिंग, सगळं बदलता येतं. मिठाने आतून खाल्लेली चासी मात्र बदलायची म्हटली तर कागदांपासून सगळाच उद्योग नव्याने.

कोल्हापूरची गाडी शिवाजी उद्यमनगरातल्या एका गॅरेजवर लागली होती. मी वाकून मीटर बघतोय तर मिस्त्री म्हणाले, "पावणं, त्यात काय बघताय? खाली शिरा." शिरलो. चासीवर वरवरचा तांबूस गंज होता, पण कोट मारून लपवलेला नव्हता. उघडा गंज परवडला, निदान दिसतो तरी.

फोर बाय फोरची तपासणी डांबरी रस्त्यावर करू नका. जिप्सीची पार्ट टाइम आहे, म्हणजे गरजेपुरती लावायची; पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरन्शियल मध्ये नाही, त्यामुळे कोरड्या रस्त्यावर वळताना पुढचा-मागचा शाफ्ट एकमेकांशी झगडतात. आम्ही आधी पुढचं एक चाक जॅकवर उचललं. हब (चाक शाफ्टला जोडणारं-सोडणारं कुलूप) फ्री ठेवून चाक फिरवलं तर शाफ्ट हलला नाही, हब लॉक करून फिरवलं तर फिरला. दुसऱ्या बाजूलाही तेच. मग मोकळ्या मातीच्या प्लॉटवर फोर लो (चारही चाकं, हळू पण जास्त ताकदीचा गेअर) टाकून चालवली. लिव्हर जरा कडक होता, वर्षानुवर्षं कुणी हातच लावला नसणार, पण पडला. तेलाची टोपी काढून इंजिन चालू ठेवलं, धूर नाममात्र. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन जवळपास सारखं आलं. स्टीअरिंगला प्ले होता आणि पुढची चाकं ज्यावर वळतात त्या किंग पिनची बेअरिंगं वाजत होती, तेवढ्यावर पंधरा हजार सुटले.

आमच्या भागात गाडी बघणाऱ्यांनी आणखी एक करावं. २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर आठवतोय ना? त्या दिवशी गाडी कुठे उभी होती, हे सरळ विचारायचं. उत्तर काहीही मिळो, सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघायचा. पुराचं पाणी लागलेल्या गाडीत आतल्या पट्ट्यावर गाळाची रेघ राहून जाते, तिकडे धुणाऱ्यांचं लक्ष जात नाही. सीटखालचे रूळही हात घालून बघा.

कागदांचं थोडक्यात. पंधरा वर्षं २०२४ ला भरली होती, आधीच्या मालकांनी फेरनोंदणी करून पर्यावरण कर भरलेला, त्यामुळे २०२९ पर्यंत घोर नाही. कोल्हापूरहून एनओसीचा फॉर्म २८, मग ट्रान्सफरचे २९ आणि ३०. चासी नंबर स्वतः घासून आरसीशी जुळवला. कर्जाचा बोजा उतरवलेला नसेल तर ३५ नंबरचा फॉर्म लागतो, इथे तो प्रश्न नव्हता. एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेट मात्र बसवलेली नव्हती, ती आता माझ्या गळ्यात.

आंबा घाटातून स्वतः चालवत आणली. चढाला तिसऱ्यात कुरकुरते, पण तापली नाही. साखरप्याला थांबून बॉनेट उघडलं, सगळं कोरडं.

आतापर्यंत झालेलं काम: इंजिन, गेअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) आणि पुढच्या-मागच्या दोन्ही अॅक्सलच्या हाउसिंगचं तेल बदललं. मागच्या हाउसिंगमधून दुधाळ तेल निघालं, म्हणजे पाणी शिरलेलं. कारण सापडलं ब्रीदरमध्ये, म्हणजे हाउसिंगमधली हवा आत-बाहेर करणाऱ्या तोटीत. हाउसिंग चालून गरम झालेलं असतं, ते थंड ओढ्यात उतरलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदर किंवा सील जिथून जमेल तिथून पाणी ओढते. आता दोन्ही ब्रीदरना नळी जोडून ती बॉनेटखाली उंच बांधली आहे. खर्च किरकोळ, पण पावसाळ्याआधी प्रत्येकाने करावं असं काम.

चासीच्या खालची पाणी निघायची भोकं मातीने बुजली होती, ती तारेने मोकळी केली. गोड्या पाण्याने धुऊन दोन दिवस उन्हात वाळवली, गंजावर कन्व्हर्टर, त्यावर इपॉक्सी प्रायमर, चासीच्या पोकळीत कॅव्हिटी वॅक्स. जळकं ऑइल मारायचा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. मी मारणार नाही. रबरी बुश फुगून सैल होतात, आणि पहिल्याच पावसात ते ऑइल विहिरीच्या वाटेला लागतं.

चालवायला कुठे जायचं, हा प्रश्न उरतोच. पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, माझी गाडी जाणार नाही. वेळास, आंजर्ल्यासारख्या किनाऱ्यांवर नोव्हेंबर ते मार्च कासवं अंडी घालतात, आणि भरतीत अडकलेल्या गाड्यांचे व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिलेत. मोकळा सडाही (कातळाचं पठार) दिसतो तेवढा मोकळा नसतो. उक्षी, बारसू, देवाचे गोठणे इथली कातळशिल्पं सपाट जांभ्यावरच आहेत, २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलीत, आणि अजून कुठे काय मातीखाली आहे कोण सांगणार. तेव्हा मालकाला विचारून बंद पडलेल्या चिरेखाणी. तिथे चढ, चिखल, पायऱ्या, सगळं आयतं मिळतं. परवा एका खाणीत हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवून फोर लो पहिल्यात टाकली, तर ओल्या उतारावर ब्रेकला पाय न लावता खाली आली. वर येताना मागचं डावं चाक हवेत गिरक्या घेत राहिलं, पुढच्यांनी ओढून काढली.

किंग पिनची बेअरिंगं कोल्हापूरहून पार्सलने येतायत. त्यानंतर ब्रेकचे पाइप, मागचे दोन पूर्ण गंजलेत, ते झाल्याशिवाय घाट उतरणार नाही. टायर सध्या आहेत तेच. मड टायर घ्यावेत की ऑल टेरेन, यावर जिप्सीवाल्यांनी बोलावं, विशेषतः ज्यांच्या घरापर्यंत निम्मा रस्ता डांबरी आहे त्यांनी.