डावी टाच

लळिंगचा किल्ला मागे पडला तेव्हा उजाडायचं होतं आणि पुढच्या टेम्पोवर डीजे सुरू झाला. पहाटे साडेचार. गाणी देवीचीच, पण आवाज असा की शेजारचीचं बोलणं ऐकू येईना. मी ओढणी कानावरून घट्ट बांधली. सप्तशृंगी गड येईपर्यंत कुणाबद्दल मनात वाईट आणायचं नाही असं घरून निघताना ठरवलं होतं. ते धुळ्यापासून दहा किलोमीटरवर मोडलं.

चैत्रातली ही माझी तिसरी पायी वारी. त्याआधी आमच्या गावातून शाळेतले खो-खोचे सर जायचे, दरवर्षी, रामनवमी झाली की. २०१६ ला त्यांचे गुडघे गेले आणि वारी थांबली. काही वर्षं गावाचा झेंडा, म्हणजे पायी जाणाऱ्यांचा जथा, निघाला, पण त्यामागे सर नव्हते. मग एकदा त्यांच्या घरी गेले असता काकूंनी, सरांच्या बायकोने, ओटीचं सामान पुढे ठेवलं, खण, नारळ, बांगड्या, आणि म्हणाल्या, "तू तरी ने." सर भिंतीला टेकून बसले होते. काही बोलले नाहीत. माझ्या चपलांकडे बघत होते.

सर पायांकडेच बघायचे. आठवीत मी खो-खोत आले तेव्हा त्यांनी नाव विचारलं नाही, मैदानाला एक चक्कर मारायला लावली आणि म्हणाले, "डावा पाय ओढतेस." खांबाला वळताना माझी डावी टाच घासायची. चवड्यावर वळ, चवड्यावर. दोन वर्षं मी हेच ऐकलं.

झोडगे, मालेगाव, मोसमचा पूल, सगळं एकात एक मिसळून गेलं आहे. ऊन चाळीसच्या पुढे, म्हणून रात्री चालायचं आणि अकरानंतर कुठल्या तरी मंगल कार्यालयात आडवं व्हायचं. पत्र्याखाली झोप लागत नाही, फक्त घाम येतो. जागोजागी मंडप, ताक, टरबूज, सरबत, साबुदाण्याची खिचडी. देणारे हात जोडून देतात आणि आपलेच लोक प्लास्टिकचे ग्लास तिथेच रस्त्यावर टाकून पुढे जातात. मला ते बघवत नाही. दोनदा बोलले. दुसऱ्यांदा आमच्याच झेंड्यातला एक भाऊ म्हणाला, "ताई, तू वारीला आलीस की झाडायला?" त्यानंतर तासभर मी जयजयकारात आवाज दिला नाही.

देवळ्याच्या अलीकडे टाच गेली.

फोड सकाळपासूनच होता. मी कुणाला सांगितलं नव्हतं. टेम्पोत बसवतील, ही भीती. मागे राहत राहत झेंडा दिसेनासा झाला आणि बाराच्या सुमाराला मी डांबरावर एकटी होते. दोन्ही बाजूंना उन्हाळ कांद्याची काढणी चाललेली, उपटलेल्या कांद्यांच्या ओळी, पातीचा उग्र वास. प्रत्येक पावलाला टाचेत कुणी निखारा दाबावा तसं होत होतं. देवीचं नाव घेत होते, पण खरं सांगायचं तर नाव तोंडात होतं आणि सगळं लक्ष टाचेत. पुढच्या बाभळीपर्यंत. पुढच्या खांबापर्यंत. त्या खांबालाही मी तशीच वळले असते, टाच घासत.

बांधावरून एक बाई हाका मारत होत्या. मला वाटलं दुसऱ्या कुणाला. मग त्या रस्त्यावरच आल्या, हाताला माती, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला.

"काय व्हयनं व माय? आठे बठ. पाय दखाड."

मी म्हटलं, काही नाही, झेंडा पुढे गेलाय. त्यांनी ऐकलंच नाही. लिंबाखाली गोणपाट टाकलं होतं, तिथे मला खांद्याला धरून बसवलं आणि माझा पाय सरळ स्वतःच्या मांडीवर घेतला. मी पाय ओढायला गेले, वयाने त्या माझ्या आईएवढ्या. त्यांनी घोटा धरून ठेवला. मडक्यातलं पाणी ओतून टाच धुतली. मग पदराच्या टोकाला खोचलेली सुई काढली, काडीच्या जाळावर धरली, पांढरा दोरा ओवला आणि फोडातून आरपार काढला. दोरा कापून दोन्ही टोकं तशीच लोंबती ठेवली. "दोरा राहू दे मझार. काढू नको." पाणी दोऱ्यावरून टिपटिप गोणपाटावर पडत राहिलं.

मी रडले. दुखलं म्हणून नाही. हे असंच, अगदी असंच, सरांनी केलं होतं.

१९९५. जिल्हास्पर्धेच्या आदल्या दिवशी. नवे कॅनव्हासचे बूट माझ्या बापाने उधारीवर घेतलेले, आणि पहिल्याच दिवशी टाच सोललेली. बाबांना कळलं तर म्हणतील बूट वाया गेले, म्हणून मी लपवलं. सरावात सरांनी शिट्टी फुंकली, सगळा खेळ थांबवला आणि मैदानातच माझ्यासमोर बसले. मास्तर मुलीचा पाय हातात घेतोय! त्या काळात, आमच्या गावात. पण कडेला काकू बसलेल्या होत्या. त्या रोज बसायच्या. मुलींना सकाळी सहाला मैदानावर पाठवायला घरं तयार नव्हती, म्हणून सरांनी घरोघर जाऊन सांगितलं होतं, माझी बायको सोबत असेल. आणि त्या यायच्या, मेथीची जुडी नाहीतर सुपात तांदूळ घेऊन, थंडीत शाल पांघरून, पगार नाही की कुठे नाव नाही. सुई काकूंच्याच बटव्यातली होती. आमच्या बारा जणींतल्या किती जणी आज स्वतःच्या पायावर उभ्या आहेत ते मी मोजते तेव्हा सरांइतकीच त्या निवडलेल्या मेथीची आठवण येते.

मी काही मोठी खेळाडू नव्हते. पळतीत लवकर बाद व्हायचे. सरांनी मला चौकोनात बसवलं. आठ जणी एका ओळीत, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे, आणि पाठीवर हात पडून "खो" ऐकू येईपर्यंत उठायचं नाही. उठलीस तर फाउल. मला ते बसणं अपमानाचं वाटायचं. एकदा तसं बोललेही. सर म्हणाले, "बसलेलीच खेळत असते. कान मागे ठेव." मग गडावरच्या आईचं सांगितलं. समोरच्या मार्कंडेय डोंगरावर ऋषी सप्तशती म्हणताहेत आणि ती मान कलती करून ऐकतेय. "अठरा हात आहेत तिला, तरी आधी ऐकते."

पुढे एस.टी.त कंडक्टर म्हणून लागले. पेढे घेऊन गेले तर सरांनी आधी बूट बघितले, मग पेढा घेतला. नवरा गेला त्या वर्षी मला उठावंसंच वाटत नव्हतं. तेव्हा सर दर रविवारी ओट्यावर येऊन बसायचे. समजावलं नाही, उपदेश नाही. चहा घ्यायचे, जायचे. चौथ्या की पाचव्या महिन्यात जाताना पाठीवर थाप मारली, एवढंच. दुसऱ्या दिवशी मी ड्युटीवर हजर झाले.

बाईंनी हळद-तेल लावून फडकं बांधलं. कळण्याची भाकरी आणि कांदा हातावर दिला. पैसे काढले तर रागावल्या. त्यांचा मुलगाही दरसाल जातो म्हणाल्या. "आईले मना दंडवत सांगजो." नाव विचारायचं राहिलं. परत वळून बघितलं तेव्हा त्या पुन्हा ओळीत वाकलेल्या होत्या, पंधरा-वीस बायकांत कोणती त्या, ते ओळखू आलं नाही.

कळवण रात्री गेलं. नांदुरीत पोचलो तेव्हा झेंडेच झेंडे, खानदेशातली सगळी गावं घाटाला लागलेली. डीजेवाला टेम्पो खालीच अडवला होता. घाटात फक्त पावलं आणि हाकारे. तिथे मात्र माझा आवाज आपोआप फुटला. ग्लास टाकणारा तो भाऊ माझी पिशवी घेऊन पुढे चालत होता, कधी घेतली तेही कळलं नाही.

पायऱ्या मी उघड्या पायांनी चढले, दोरा टाचेतच. पौर्णिमेच्या आदल्या दिवसाची गर्दी. शिखरावर झेंडा लावायला दरेगावचे गवळी जायचे होते, लोक आत्तापासून वर बघत होते. रांगेत पाच तास. गाभाऱ्यापुढे अर्धं मिनिट.

सरांनी जी पाहिली ती शेंदराच्या कवचातली. २०२२ मध्ये ते कवच उतरवलं. त्यांना सांगायचं म्हणून मी डोळे मिटले नाहीत, बघतच राहिले. डोळे, नाक, हात. मान तशीच, कलती. ओटी दिली. काकूंचं नाव घेतलं, कांद्याच्या वावरातल्या बाईंचा दंडवत सांगितला. स्वतःसाठी काय मागायचं ठरवलं होतं ते आठवेना, तोवर मागून कुणी तरी पाठीवर हात ठेवला, चला ताई, चला.

खाली येऊन फोन लावला. सरांना हल्ली कमी ऐकू येतं, म्हणून मी ओरडूनच सांगितलं, दर्शन झालं, ओटी पोचली, मूर्तीचं सगळं घरी येऊन सांगते.

पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. मग म्हणाले, "डाव्याच टाचेला ना?"