शेवाळनाशक निवडताना: माझा अनुभव

घरच्या पोहण्याच्या तलावासाठी शेवाळनाशक घेताना मी बाटलीचं पुढचं लेबल बघतच नाही, मागचा बारीक मजकूर वाचतो. घटक कोणता आणि किती टक्के, ते तिथेच कळतं. तुलना करायची ती बाटलीच्या किमतीची नाही, एका मात्रेत घटक किती ग्रॅम पडतो त्याची.

बेंझाल्कोनियम क्लोराइडचं औषध स्वस्त असतं, पण फेस फार. पाणी जोरात आत येतं तिथे साबणासारखे बुडबुडे साचतात. कारंजं असेल तर नकोच.

तांब्याचं औषध शेवाळावर खरंच जालीम. अडचण अशी की तांबं उडून जात नाही. ५०,००० लिटरमध्ये १० ग्रॅम तांबं म्हणजे ०.२ पीपीएम (लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम), पाणी न बदलता पाच वेळा टाकलं की १ पीपीएम. पीएच (पाण्याची आम्ल-अल्कता मोजणारा आकडा) चढला की तेच तांबं पायऱ्यांवर निळसर-हिरवे डाग धरतं. फिकट केस हिरवट होतात तेही यानेच, आणि बोल मात्र क्लोरीनला लागतो.

सोडियम ब्रोमाइड मी टाळतो. तलावातलं क्लोरीन खर्चून त्यातून ब्रोमीन बनतं, आणि त्या ब्रोमीनला स्टॅबिलायझर (क्लोरीनला उन्हापासून जपणारं सायन्युरिक ॲसिड) उन्हापासून वाचवत नाही, त्यामुळे क्लोरीन भराभर संपतं.

राहिलं चौथं शेवाळनाशक, पॉलीक्वाट ६०. महाग आहे, पण फेस नाही, डाग नाहीत. माझी पसंती यालाच.

मात्र पाणी आधीच हिरवं असेल तर यातलं काहीही ओतू नका. तिथे काम क्लोरीनचंच. पीएच ७.२ वर आणा, स्टॅबिलायझर मोजा. तो ४० पीपीएम असेल तर क्लोरीन १६ पर्यंत न्यावं लागतं: ५०,००० लिटरला १० टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट (द्रव क्लोरीन) सुमारे ८ लिटर, पंप चालू ठेवून, सूर्य मावळल्यावर. शिडीच्या मागे आणि दिव्याच्या खोबणीत ब्रश फिरवाच. शेवाळ पुन्हा उठतं ते तिथूनच. क्लोरीन उतरेल तसं पुन्हा १६ वर आणत राहायचं. मेलेलं शेवाळ पाणी दुधाळ करतं, फिल्टरचा दाब वाढतो, तेव्हा बॅकवॉश, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुवायचा.

पाणी नितळ झालं आणि रात्रभरात क्लोरीन १ पीपीएमपेक्षा जास्त उतरलं नाही, की शेवाळ संपलं. क्लोरीन रोजच्या ३-४ पीपीएमवर येऊ द्या, मगच पॉलीक्वाट टाका. चढ्या क्लोरीनमध्ये ते तुटतं आणि सोबत क्लोरीनही खातं.