पाडवा, ईद आणि मगरिबची तीन मिनिटं

बुर्ज खलिफात राहणाऱ्यांचा रोजा एकाच इमारतीत तीन वेगवेगळ्या वेळांना सुटतो. ८० व्या मजल्यापर्यंत शहराची वेळ, ८० ते १५० मजल्यांवर दोन मिनिटं उशिरा, त्याच्याही वर तीन मिनिटं. २०११ साली दुबईच्या मुफ्तींनी तसं जाहीर केलं होतं. उंचावर क्षितिज खाली सरकतं, त्यामुळे रस्त्यावरच्या माणसासाठी बुडालेला सूर्य वरच्याला अजून दिसत असतो. आणि सूर्य दिसतोय तोवर रोजा सोडायचा नाही, इतका सरळ नियम.

नोकरीसाठी दुबईला आल्यावर रमजानात हे ऐकलं आणि मी कागद-पेन घेऊन बसलो. हिशेब कुणालाही जमेल असा आहे. उंची मीटरमध्ये घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं, १.७६ ने गुणायचं. क्षितिज किती कला खाली गेलं ते मिळतं. ४०० मीटर धरले तर वर्गमूळ २०, म्हणजे साधारण ३५ कला. ६० कलांचा एक अंश, आणि मार्चमध्ये दुबईच्या अक्षांशावर सूर्याला एक अंश खाली जायला साडेचार मिनिटांपेक्षा थोडा कमी वेळ लागतो. उत्तर येतं अडीच मिनिटांच्या आसपास. ६०० मीटरला तीनच्या थोडं वर. मुफ्तीसाहेबांचे आकडे आणि माझे आकडे जुळले तेव्हा झालेला आनंद मला अजून आठवतो.

मग लगेच डोक्यात आला पन्हाळा. आपलं कोल्हापूर सोडून गडावर गेलं की आपण साधारण ४०० मीटर वर चढतो. म्हणजे पुसाटी बुरुजावर उभा असलेला माणूस या हिशेबाने बुर्ज खलिफाच्या मधल्या मजल्यांवर आहे! पश्चिमेला समुद्रासारखं सपाट क्षितिज नाही, सह्याद्रीच्या रांगा आडव्या आहेत, त्यामुळे अडीच मिनिटं पुरती मिळत नाहीत. तरी सांगतो, गडावर रोजा सोडणार असाल तर गावातल्या अजानवर विसंबू नका, समोर सूर्य बघा.

रमजानात इथे खासगी कंपन्यांनाही कामाचे दोन तास कमी करावे लागतात, तसा नियमच आहे. संध्याकाळी रस्त्यावर एकच घाई असते, सिग्नलला स्वयंसेवक गाडीच्या खिडकीतून खजूर-पाण्याचे डबे देतात, आणि मग मगरिबला, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाच्या वेळी, पोलिसांची तोफ उडते. दुपारच्या मोकळ्या वेळात बरेच जण झोप काढतात. मी या नमाजाच्या वेळांच्या हिशेबामागे असतो.

गावाकडून दर रमजानात एक प्रश्न हमखास येतो. 'भावा, नमाजाच्या वेळांची तीन ॲपं टाकली, तिन्ही वेगळी वेळ दाखवतात. खरं कुठलं?' बऱ्याचदा तिन्ही बरोबर असतात. मगरिबला मतभेद फार नाही. सूर्याची वरची कडा क्षितिजाला टेकते तेव्हा त्याचा मध्य ५० कला खाली गेलेला असतो. त्यातल्या १६ कला सूर्याची त्रिज्या, आणि ३४ कला हवेने प्रकाश वाकवल्यामुळे. हा ५० चा आकडा जवळपास सगळ्या ॲपांत सारखाच.

खरी गंमत फजरमध्ये, म्हणजे पहाटेच्या नमाजाच्या वेळेत आहे, कारण सहरी (रोज्याआधीचं पहाटेचं खाणं) कधी बंद करायची ते तिच्यावर ठरतं. पहाटेचा पहिला उजेड सूर्य क्षितिजाखाली किती अंश असताना धरायचा, यावर जगभर वेगवेगळी मतं आहेत. कराचीच्या पद्धतीत १८ अंश, मक्केच्या उम्म अल-कुरा पद्धतीत १८.५, इजिप्तमध्ये १९.५, उत्तर अमेरिकेत चालणाऱ्या एका पद्धतीत १५. कोल्हापूरच्या अक्षांशावर एका अंशाला चार मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागतो. म्हणजे १५ आणि १९.५ यांच्यात एकोणीस-वीस मिनिटांचा फरक. पहाटे तेवढ्या वेळात भाकरी खाऊन वर निवांत चहाही होतो, म्हणून ॲप टाकल्यावर सेटिंगमध्ये जाऊन पद्धत कुठली निवडली आहे ते आधी बघा. आपल्याकडे १८ अंशांची पद्धत बऱ्याच ठिकाणी चालते. तरी आपल्या मशिदीच्या तक्त्याशी ताडून घ्या, तो तक्ता तुमच्या मोहल्ल्यासाठी केलेला असतो.

असरचं, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजाचंही असंच. माझा रूममेट रत्नागिरीचा, कोकणी मुसलमान, म्हणून शाफई. मी घाटावरचा, हनफी. हे दोन वेगळे धर्मशास्त्रीय पंथ. वस्तूची सावली तिच्या उंचीएवढी झाली (दुपारची मूळ सावली सोडून) की त्याची असर सुरू. माझी सावली दुप्पट झाल्यावर. एकाच खोलीत दोन फोन तासाभराच्या अंतराने अजान देतात. इथल्या मशिदीत एकपट सावलीची वेळ पाळतात, त्यामुळे जमातीने, म्हणजे सगळ्यांसोबत, पढायची तर मी त्याच्याबरोबरच जातो.

अम्मीसाठी मी एक घड्याळ केलं आहे. रास्पबेरी पाय नावाचा तळहातापेक्षा छोटा संगणक, त्याला एक छोटा पडदा, आणि आत अधान नावाची कुणालाही फुकट वापरता येणारी प्रोग्रॅमची लायब्ररी. गावाचे अक्षांश-रेखांश दिले, १६.७ आणि ७४.२४, की ते रोजच्या पाच नमाजांच्या वेळा स्वतः काढतं, इंटरनेट लागत नाही. बिंदू चौकाजवळच्या आमच्या घरी ते स्वयंपाकाच्या ओट्यावर टांगलंय. अम्मीला आकड्यांपेक्षा खाली सरकणारी हिरवी पट्टी आवडते. पट्टी बोटभर राहिली की ती भज्यांची कढई चढवते.

ते घड्याळ करताना लायब्ररीच्या आत डोकावलो. दुबईची पद्धत निवडली की मगरिबच्या गणितात तीन मिनिटं वाढवलेली आहेत. कोडमध्ये नुसता एक ३ लिहिलेला. आपल्याकडच्या छापील तक्त्यांतही एहतियात, म्हणजे खबरदारी म्हणून दोन-तीन मिनिटं धरलेली असतात. गणित सेकंदापर्यंत येतं, पण कुणाचाही रोजा वेळेआधी सुटू नये म्हणून माणसं तीन मिनिटं थांबायचं ठरवतात. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यालाही ते मान्य. मला हे फार मोलाचं वाटतं.

एक गोष्ट गावातल्या मंडळींनी ध्यानात ठेवावी: मुंबईचा तक्ता कोल्हापूरला चालत नाही. मार्चमध्ये मुंबईचा सूर्य आपल्यानंतर पाच-सहा मिनिटांनी मावळतो, नागपूरचा आपल्या जवळपास वीस मिनिटं आधी. घड्याळ सगळ्यांचं एक, सूर्य ज्याचा त्याचा.

आता चंद्र. २०२५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीच्या फतवा परिषदेने चांद शोधायला ड्रोन वापरायचं जाहीर केलं. अबू धाबीतल्या आंतरराष्ट्रीय खगोल केंद्राची माणसं तर भर दिवसा, सूर्य आकाशात असताना, दुर्बिणीला कॅमेरा लावून कोर टिपतात. फ्रान्सच्या थिएरी लेगो यांनी ८ जुलै २०१३ ला, रमजानच्या तोंडावर, अमावास्येच्या नेमक्या क्षणी चंद्राची कोर इन्फ्रारेड कॅमेऱ्यात पकडली. डोळ्यांना ती दिसणं शक्यच नव्हतं. डोळ्यांसाठी चंद्र सूर्यापासून किमान ७ अंशांच्या आसपास दूर जावा लागतो. आंद्रे दांजों या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाच्या नावाने ही मर्यादा ओळखली जाते.

हे सूर्य-चंद्राचं अंतर वाचताना मला आपलं पंचांग आठवलं. तिथी म्हणजे हेच की! चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे गेला की एक तिथी संपते. शून्य ते १२ प्रतिपदा, १२ ते २४ द्वितीया. शेजारच्या काकू पाडव्याला पंचांगाची पूजा करतात आणि आम्ही चांदरातीला, ईदच्या आदल्या संध्याकाळी, चांद बघायला गच्चीवर जातो, तेव्हा दोन्ही घरं एकच कोन मोजत असतात.

मग मी मागची वर्षं काढून बघितली. २०२१ चा पाडवा १३ एप्रिलला, इथला पहिला रोजा त्याच दिवशी. २०२२ ला २ एप्रिल, पुन्हा दोन्ही एकत्र. २०२३ ला पाडवा २२ मार्चला, रोजा २३ ला. तीन वर्षं पाडवा रमजानच्या तोंडाशी. २०२४ ला पाडवा ९ एप्रिल आणि ईद १० एप्रिल. पाडव्याच्या मानाने रमजान महिनाभर अलीकडे आलेला. कारण मध्ये २०२३ चा अधिक श्रावण येऊन गेला. हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचं, त्यात अधिक महिना नाही, म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येत सगळे ऋतू फिरतो. आपलं पंचांग अडीच-तीन वर्षांचा हा फरक साठवतं आणि एक महिना जास्तीचा घालून भरून काढतं. अधिक महिना हा नुसता जावयाच्या वाणाचा महिना नाही, हे मला दुबईत बसून ईदच्या तारखा लिहिताना उमगलं.

२०२५ ला तर ३० मार्चच्या रविवारी इथे ईद आणि पाडवा एकाच दिवशी. सकाळी ईदगाहवरून आलो तर वरच्या मजल्यावरच्या सांगलीच्या वहिनींनी बाल्कनीत गुढी उभारलेली. कडुनिंब कुठून मिळवला कुणास ठाऊक. आम्ही शीरखुर्मा घेऊन वर गेलो, खाली येताना डब्यात पुरणपोळ्या. कोल्हापुरात अम्मीचा त्या दिवशी शेवटचा रोजा. प्रतिपदा दुपारीच संपली होती, संध्याकाळपर्यंत चंद्र सूर्यापासून चांगला १५ अंश दूर गेला होता, त्यामुळे चांद दिसणार याची मला खात्रीच होती. पाडव्याची संध्याकाळ तीच चांदरात, आणि ३१ ला गावात ईद.

पुढच्या वर्षीचा हिशेब आत्ताच देऊन ठेवतो. २०२६ चा पाडवा १९ मार्चला. अमावास्या त्याच दिवशी सकाळी सातच्या सुमारास संपते, म्हणजे कोल्हापुरात सूर्य मावळेल तेव्हा कोर जेमतेम बारा तासांची, सूर्यापासून सहा-सात अंशांवर. डोळ्यांनी दिसणं जवळपास अशक्य. २० मार्चला मात्र आकाश स्वच्छ असेल तर कुणालाही दिसेल. निर्णय अर्थात चांद कमिटीचा. त्यानंतर २०२६ चा अधिक ज्येष्ठ येतो आणि २०२७ ला पाडवा ७ एप्रिलला जातो, ईद त्याच्या जवळजवळ महिनाभर आधी. ही जोडी मग तुटते.

म्हणून २० मार्चची रजा मी आताच टाकली आहे. संध्याकाळी सहाला रंकाळा चौपाटीवर या, पश्चिमेचं आकाश तिथून मोकळं दिसतं. दुर्बीण मी आणतो. फक्त सूर्य पूर्ण मावळेपर्यंत कुणीही, विशेषतः पोरांनी, दुर्बिणीला डोळा लावायचा नाही. डोळे कायमचे जातात. मावळल्यावर वीसेक मिनिटांनी, सूर्य जिथे बुडाला त्याच्या वर बघायचं.